जास्त डिझेल खाणाऱ्या गाडीवर कर लावायचा का? सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे, दोन भावांचा, मी तिथं अकाउंट्स बघतो. नाव कारखान्याचं पण टाकत नाही आणि माणसांचं पण नाही, थोरले मालक आणि धाकटे मालक एवढं पुरे. थोरल्यांकडं विणकाम आणि डाईंग, धाकट्यांकडं मार्केटिंग आणि डिस्पॅच. दोघांचे खर्च वेगळे लिहायची पद्धत त्यांच्या वडिलांपासूनची, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं राहिलं.

गाड्या म्हणाल तर मालकांच्या दोन मोठ्या डिझेल एसयूव्ही, मार्केटिंगच्या दोन कार, माल वाहायला दोन पिकअप, आणि अटॅच लावलेले तीन टेम्पो ज्यांचे मालक स्वतःच स्टेअरिंगवर बसतात. अटॅच टेम्पोंना भाडं फेरीवर मिळतं पण डिझेल कारखाना भरतो, त्यामुळं कुणाची गाडी किती खाते याची त्यांना फारशी फिकीर नव्हती, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हती. सुताचा भाव किलोमागं दोन रुपये हलला की दोन्ही मालक दिवसभर फोनवर असतात, पण पंपाचं बिल महिनाअखेरीला येतं आणि कुणी न बघता सही होऊन जातं.

२०२२ च्या दिवाळी पाडव्याला वहीपूजन झाल्यावर थोरल्यांनी सहज विचारलं की वर्षाचं डिझेल-पेट्रोल किती झालं. मी आकडा सांगितला तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणले, "देशाचं तेल पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर बाहेरून येतंय, आपण जे जाळायलोय ते आपलं नाहीच की." त्यांचा राग बिलावर नव्हता, वाया जाण्यावर होता, आणि मला ते मनापासून पटलं.

नेमकी अडचण कुठं होती

त्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी नवी एसयूव्ही घ्यायचं काढलं, आधीचीपेक्षा मोठी. थोरले नको म्हणले, धाकटे म्हणले माझ्या खात्यातनं घेतोय. घरात ताण आला. तेव्हा मी एक कागद लिहून दिला की गाडी घेऊ नका असं कुणी कुणाला म्हणायचंच नाही, जी गाडी ठराविक मर्यादेपेक्षा जास्त इंधन खाईल तिच्यावर कारखान्याच्या आतच एक कर लावायचा, घेणाऱ्याच्या खात्यातनं तो एका वेगळ्या खात्यात जाईल आणि ते पैसे इंधन वाचवण्यासाठीच वापरायचे.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं असा कर आला आणि आजही आहे. गॅलनला २२.५ मैलांपेक्षा कमी देणारी कार, म्हणजे आपल्या हिशोबात लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटरच्या खाली, तिच्यावर १,००० डॉलरपासून ७,७०० डॉलरपर्यंत चढत्या पायऱ्यांनी. फ्रान्सनं २००८ पासून जास्त धूर सोडणाऱ्या गाडीवर दंड आणि कमी सोडणारीला बक्षीस अशी जोडी लावली.

धाकट्यांचा पहिला आक्षेप रास्त होता. म्हणले, सरकार आधीच घेतंय की! तेव्हा मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस होता, शिवाय महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स, डिझेल आणि वीस लाखाच्या वर असेल तर १५ टक्के. एवढं भरल्यावर आणि काय?

याच्यावर मी दोन दिवस घालवले आणि मला जे दिसलं ते असं की हे सगळे कर गाडीची लांबी, जमिनीपासूनची उंची, इंजिनचा सीसी, किंमत आणि पेट्रोल का डिझेल एवढंच बघतात, ती गाडी शंभर किलोमीटरला किती लिटर जाळते हे कुणीच बघत नाही. चार मीटरच्या आत बसली आणि इंजिन छोटं असलं की कमी कर, म्हणून तर बाजारात ३,९९५ मिलिमीटरच्या गाड्यांची रांग लागलीय, डिकी कापल्यासारखी दिसली तरी चालेल पण लांबी ओलांडायची नाही. उलट चार मीटरच्या वरची हायब्रिड, जी लिटरला वीसच्या पुढं देते, तिला तेव्हा सेससकट ४३ टक्के. आणि आता २२ सप्टेंबर २०२५ पासून तर छोट्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के, मोठ्या सगळ्यांना ४०, म्हणजे ती हायब्रिड आणि दहाचं अ‍ॅव्हरेज देणारी थोराड डिझेल एकाच रांगेत. जे मोजाल त्याच्याभोवती गाड्या बनतात. लांबी मोजली तर लांबी कमी झाली, लिटर मोजले असते तर लिटर कमी झाले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्याय, आणि कशावर अडलो

सगळ्यात सरळ पर्याय इंधनावरच कर, म्हणजे जेवढं डिझेल भरशील त्यावर लिटरमागं दोन-तीन रुपये जादा खात्यात टाकायचे. मला स्वतःला हाच आधी बरोबर वाटला होता कारण त्यात खोट काढायला जागा नाही, उभी गाडी कितीही खादाड असली तरी डिझेल जाळत नाही आणि बावीसचं अ‍ॅव्हरेज देणारी कार वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळाली तर ती एसयूव्हीपेक्षा जास्त जाळते. धाकट्यांनी हाच मुद्दा उचलला, "माझी गाडी वर्षाला आठ हजार पण होत नाही, तिला कर आणि मार्केटिंगच्या कारला माफी?"

पण थोरल्यांनी एक साधा प्रश्न विचारला. डिझेल नव्वदीच्या पुढं आहेच, त्यानं कुणाचं गाडी घेताना मन बदललं का? नाही बदललं. गाडी घेताना माणूस रंग बघतो, सनरूफ बघतो, मित्राकडं कुठली आहे ते बघतो, पुढच्या आठ-दहा वर्षांचं डिझेल शोरूममध्ये बसून कोण मोजत नाही. आणि एकदा गाडी दारात आली की मग अ‍ॅव्हरेज तुमच्या हातात फार राहत नाही. म्हणून कर लावायचाच तर तो निवड करायच्या क्षणी लावायचा, हे थोरल्यांचं म्हणणं शेवटी टिकलं.

दुसरा पर्याय होता सरळ बंदी, अमुक अ‍ॅव्हरेजच्या खाली गाडी घ्यायचीच नाही. तो मी स्वतःच काढून टाकला, भावा-भावात बंदीची भाषा गेली की कारखाना फुटतो. तिसरा, सगळ्या चालू गाड्यांवर दरवर्षी कर. हा तिसरा आम्ही टाकून द्यायला पाहिजे होता आणि तो दिला नाही, त्याचं पुढं सांगतो.

मोजमाप

इथं मला थोडं थांबून सांगायचंय कारण सगळं याच्यात आहे.

कंपनी जो अ‍ॅव्हरेजचा आकडा देते तो लॅबमधला. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये ४३-४४ डिग्रीत एसी फुल करून आसरा चौकातनं सिग्नलला थांबत थांबत गेल्यावर तो आकडा कुठला मिळणार. म्हणून आम्ही टाकी फुल ते टाकी फुल मोजायचं ठरवलं. सकाळी सहाला, एकच पंप, एकच नोझल. नोझल एकदा कट झालं की पंपावरचा पोरगा थांबायचा, पण आमच्या अटॅच टेम्पोवाल्यांपैकी सगळ्यात वयस्क, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी सांगितलं की असं नाही होत, आत हवा राहते. मग त्यांनी टेम्पोला बाजूनं धरून दोन-तीनदा गदागदा हलवलं, आतनं गुडगुड आवाज झाला, आणि परत दीड लिटर डिझेल गेलं! पन्नास लिटरच्या टाकीत दीड लिटर म्हणजे सगळा हिशोब तिरका. मग प्रत्येक गाडी तशीच हलवून गळ्यापर्यंत भरायची आणि किलोमीटर लिहून घ्यायचे, असं दोन महिने केलं.

दोन महिन्यांनी धाकट्यांची जुनी एसयूव्ही गावात १०.८, पुणे हायवेला १३. पिकअपचं तर वेगळंच, हैदराबाद रोडला ११ देणारी तीच गाडी डाईंग ते पूर्व भागातला गोडाऊन ते ट्रान्सपोर्टचा अड्डा या फेऱ्यांत साडेसात. कारण अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन चालू, आणि येताना रिकामी. याच्यात गाडीचा दोष कमी आणि आमच्या डिस्पॅचचा जास्त होता. म्हणून मालाच्या गाड्यांना कारचं माप लावायचं नाही, हे तिथंच ठरायला पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट, लिटरला किती किलोमीटर असं न मोजता शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजायचं. ऐकायला एकच वाटतं पण नाही. ८ चं अ‍ॅव्हरेज १० केलं तर हजार किलोमीटरला १२५ लिटरचे १०० होतात, २५ लिटर वाचले. १८ चं २२ केलं तर साधारण ५५ चे ४५ होतात, वाचले १०. म्हणजे दोननं वाढलं तिथं पंचवीस आणि चारनं वाढलं तिथं दहा! हा हिशोब मी फळ्यावर लिहिला तेव्हा धाकटे मालक उठून फळ्याजवळ आले आणि परत स्वतः करून बघितला. सगळ्यात खादाड गाडी थोडी जरी सुधारली तरी फायदा मोठा. आपल्या सरकारचे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठीचे जे सरासरीचे नियम आहेत, २०१७-१८ पासून किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि २०२२-२३ पासून ११३, ते पण किलोमीटरमागं असंच मोजतात, किती जळलं ते. फक्त ते कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी बघतात आणि गाड्या वजनदार तशी मर्यादा सैल, त्यामुळं शोरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काही पत्ता लागत नाही.

काय ठरलं

जानेवारी २०२३ मध्ये संक्रांतीनंतर कागदावर आलं. माणसं नेणाऱ्या नव्या गाडीला शंभर किलोमीटरला ७ लिटर ही रेघ, म्हणजे लिटरला चौदाच्या थोडं वर. रेघेच्या वर प्रत्येक लिटरला २५,००० रुपये घेणाऱ्याच्या खात्यातनं, खाली असेल तर प्रत्येक लिटरला १०,००० बक्षीस. दर असा काढला की वर्षाला वीस हजार किलोमीटर धरले तर जादाचा एक लिटर म्हणजे वर्षाला २०० लिटर, म्हणजे अठरा हजाराच्या आसपास. खरेदीच्या वेळी कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा वीस टक्के कमी करून धरायचा आणि सहा महिन्यांनी टाकी फुल मोजून फरक भरायचा किंवा परत घ्यायचा.

आणि त्याच कागदात, शेवटच्या ओळीत, चालू गाड्यांवर पण थोडा कर, अटॅच टेम्पो धरून. ती ओळ मीच घातली होती, सगळ्यांना सारखं असावं म्हणून.

पहिली चूक

मामांचा टेम्पो जुना, गावात साडेसहा-सातच्या वर देत नव्हता. त्यांच्या भाड्यातनं महिन्याला १,५०० कापायला लागलो. पहिल्या महिन्याला ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्याला केबिनमध्ये आले, चप्पल बाहेर काढून, आणि उभ्यानंच म्हणले, "साहेब, नवी गाडी घ्यायला पैसे असते तर मी ही कशाला हाकली असती? कर भरून माझी गाडी कमी खाणार हाय का?" माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. नियम आहे मामा, सगळ्यांना आहे, असं काहीतरी बोललो. सर्व्हिसिंग केलं तर थोडा फरक पडतो हे पण सांगितलं, पण सर्व्हिसिंगचे पैसे तर आम्हीच कापत होतो.

तिसऱ्या महिन्यात ते दुसऱ्या कारखान्याला लागले. तोच टेम्पो, तोच अक्कलकोट रोड, तेवढंच डिझेल. एक थेंब वाचला नाही, आणि बारा वर्षं आमच्याकडं असलेला माणूस सोडून गेला, ज्याच्या हातात कधी टॉवेलची गाठ ओली झाली नाही. आम्ही पुढच्याच महिन्यात चालू गाड्यांवरचा कर काढला, उरलेल्या दोन टेम्पोवाल्यांचे कापलेले पैसे परत केले. मामांचे पण पाठवले, त्यांनी घेतले, पण परत यायला नाही म्हणले.

आपल्याकडं पर्यावरण कर आहे, महाराष्ट्रात २०१० पासून, खाजगी गाडी १५ वर्षांची झाली की आणि मालाची ८ वर्षांची झाली की. तो पण वयावर आहे, आणि जुनी गाडी कुणाकडं असते हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. धुरासाठी त्याचं कारण असेल, ते मी नाकारत नाही. पण इंधन वाचवायचं म्हणून कर लावायचा असेल तर तो ज्याच्यापुढं निवड आहे त्याच्यावर लावा, ज्याची निवड दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी केलीय आणि यानं ती सेकंडहँड घेतलीय त्याच्यावर नको.

दुसरा पेच: ही कार का मालगाडी?

जून २०२३ ला धाकट्यांनी एसयूव्ही घेतलीच. हिशोबानं शंभरला दहा लिटर, म्हणजे तीन लिटर जादा, ७५,००० रुपये. त्यांनी मागची सीट पाडली, सॅम्पलच्या पेट्या ठेवल्या आणि म्हणले ही सॅम्पल व्हॅन आहे, मालाच्या गाड्यांना कर नाही.

हे मला आधीच दिसायला पाहिजे होतं कारण अमेरिकेत हेच झालंय. तिथला कर फक्त कारला आहे, एसयूव्ही, पिकअप, मिनीव्हॅन बाहेर, कारण कायदा झाला तेव्हा त्या शेतावरच्या आणि कामाच्या गाड्या समजत होते. पुढं लोक त्याच घेऊन ऑफिसला जायला लागले आणि कर तसाच राहिला, दर पण १९९१ नंतर वाढवलेला नाही.

थोरले तेव्हा भांडले नाहीत. म्हणले, महिनाभर लॉगबुक लिही, किती दिवस पेट्या होत्या आणि किती दिवस माणसं. महिनाअखेरीला धाकट्यांनी स्वतःच ७५,००० चा व्हाउचर सही करून माझ्या टेबलावर ठेवला. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल खरंच आदर वाटला. त्यानंतर नियम बदलला, गाडी कागदावर काय आहे ते नाही, आठवड्यातले जास्त दिवस तिच्यात काय जातं ते बघायचं.

काय साधलं, काय नाही

धाकट्यांची गाडी करानं थांबली नाही हे सरळ आहे. पंचवीस लाखाच्या गाडीला पाऊण लाख म्हणजे अ‍ॅक्सेसरीजचा खर्च. कर चालला तो दुसरीकडं. २०२४ ला मार्केटिंगची एक कार बदलायची होती, तिथल्या मॅनेजरला उंच कॉम्पॅक्ट एसयूव्ही पाहिजे होती जी ७.७ लिटर खाणार होती, कर १७,५००. शेजारची छोटी कार साडेपाच लिटरची, बक्षीस १५,०००. फरक साडेबत्तीस हजारांचा, आणि त्याचं वर्षाचं बजेट बांधलेलं. त्यानं छोटी घेतली, आणि महिन्याभरानं स्वतःहून सांगितलं की पंढरपूर-सांगोला लाईनला काही कमी पडत नाही.

खात्यातले उरलेले पैसे आणि दोन्ही मालकांनी घातलेली भर असं करून एक इलेक्ट्रिक तीनचाकी लोडर घेतला, गावातल्या फेऱ्यांसाठी. अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत तो गप उभा असतो, काही जळत नाही. पिकअप आता भरल्याशिवाय निघत नाही आणि येताना सुताच्या पोत्या घेऊन येते. १०० गाठींमागं डिझेल दोन वर्षांत साधारण सातवा हिस्सा कमी झालं, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर यातला मोठा वाटा फेऱ्या एकत्र केल्याचा आणि लोडरचा आहे. कराचा थेट वाटा त्या एका छोट्या कारपुरता. पण एवढं मोजायला बसलो ते करामुळंच, हे पण तितकंच खरं.

परत करायचं झालं तर

सरळ दर ठेवणार नाही, चढता ठेवीन. पहिला जादा लिटर २५,०००, दुसरा ५०,०००, तिसरा लाख, कारण ज्याला पाऊण लाख जाणवत नाही त्याच्यापर्यंत पोचायचं असेल तर पायऱ्याच पाहिजेत. बक्षिसाला वर्षाची मर्यादा घालीन, फ्रान्समध्ये लोकांनी छोट्या गाड्या एवढ्या घेतल्या की सुरुवातीला सरकारचे अंदाजापेक्षा जास्त पैसे गेले, आमचं खातं तर केवढंसं. रेघ दर दोन वर्षांनी खाली आणायची हे पहिल्याच कागदात लिहीन, नंतर बदलायला गेलं की प्रत्येक जण आपल्या गाडीचं गाऱ्हाणं घेऊन येतो. आणि ती शेवटची ओळ घालणार नाही.

सरकारनं काय करावं यावर माझं म्हणणं एवढंच की तो वन टाइम टॅक्स किमतीवर घेता तसा थोडा लिटरवर पण घ्या, नव्या गाडीपुरता, आणि शोरूममधल्या किमतीच्या पाटीवरच लिहा की ही गाडी दहा वर्षांत एवढे लिटर जाळणार.

चढता दर दोन्ही मालकांपुढं ठेवलाय. थोरल्यांची गाडी आता बदलायला आलीय, म्हणजे या वेळी पहिला चटका त्यांनाच बसणार, आणि धाकटे ते कागद दोनदा मागून घेऊन गेलेत. मामांना पण फोन केला होता, खात्यातनं डाऊन पेमेंटला बिनव्याजी पैसे देतो, तुमचा टेम्पो बदला आणि परत या. म्हणले, पोरीचं लग्न होऊ द्या, मग सांगतो.